हरभऱ्याएवढा मेंदू

तुम्ही हसाल, पण माझी ऋचा पुण्याला उंदरांचे एमआरआय काढते. मीही हसले होते. म्हटलं, "अगं, इथे सातपूरच्या माणसांचा नंबर लागत नाही आणि तुझ्या उंदरांचा लागतो?"

दिवाळीत घरी आली तेव्हा तिने लॅपटॉपवर दोन फोटो दाखवले. मेंदू हरभऱ्याएवढा, पण त्यातली घडी न् घडी दिसत होती!

"आई, आधी इंजेक्शन देतो. मेंदूचा जो भाग कामात असतो, तो ते औषध शोषतो आणि फोटोत उजळतो. हा निरोगी उंदीर. हा विसरण्याच्या आजाराचा."

दुसऱ्या मेंदूत मधेच दिवे गेल्यासारखं झालं होतं. मी बघतच राहिले.

शेजारी सासूबाई होत्या. वर्षभरात त्या आम्हा सगळ्यांची नावं विसरल्यात, ऋचाचंही. त्यांच्यासाठीच तिने हे काम धरलंय.

सासूबाईंनी त्या अंधारावर हळूच बोट ठेवलं. "याला घर सापडत नसेल ना गं?"

ऋचा चमकली. "नाही सापडत, आजी. आठवण तपासायला पाण्यात सोडला की रोजची उभं राहायची जागाही सापडत नाही त्याला. हे बघायला आम्हाला कितीतरी दिवस लागतात. तुला कसं कळलं?"

"मग काय करतो तो?"

"पोहत राहतो."

"आणि तू?"

"मी काढते बाहेर. पुसते, ऊब देते."

सासूबाई जरा सरकल्या आणि तिला खेटून बसल्या. म्हणाल्या, "मग मी इथेच बसते, पोरी."