मागचे दोन व्हॉल्व्ह

सिद्धराम : तिसरी खेप, मॅडम. बघा, व्हॉल्व्हची कडा कशी उडालीय. उंदरानं भाकर कुरतडल्यावानी.

पंचशीला : परत पाच अन् सहा नंबरच?

सिद्धराम : पाच अन् सहाच. पुढच्या चारांना काय धाड भरली न्हाई. मागचे दोनच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून राहिलेत.

पंचशीला : सिद्धरामअप्पा, संध्याकाळी पाच वाजता लातूरहून ट्रक येतोय. साहेबांची चिठ्ठी आली सकाळी. बोट इंजिनासकट चढवा अन् नांदेडला परत पाठवा.

सिद्धराम : अन् शिरूरची टाकी?

पंचशीला : टँकर. जमेल तेव्हा, जमेल तेवढे. टाकीत आजचा दिवस निघेल एवढंच पाणी आहे, दवाखाना धरून.

सिद्धराम : साहेब पहिल्या दिवसापासून हसूनच राहिले म्हणा.

पंचशीला : हसतीलच. लातूर जिल्हा नवा, शिक्क्यावर अजून उस्मानाबाद, बसायला खुर्च्या यायच्यात, अन् नांदेडनं आधी काय दिलं, तर पुराची बोट. ती आली अन् पाऊस गेला. भर मीटिंगमध्ये मीच म्हणाले, बोट तळ्यात नेऊन ठेवू, तिच्या इंजिनाला पंप जोडू. तळं आटलं तरी मधल्या खड्ड्यात पाणी आहे, इथं वीज नाही, दुसरं कोण ओढणार? ज्युनिअर इंजिनिअर बाईनं सांगितलं म्हणून आधीच सगळ्यांची तोंडं वाकडी.

सिद्धराम : बरोबरच बोललात तुम्ही. फक्त इंजिनाची जात बघा. हे पुरात झेप घ्यायला बनलंय. अर्धा तास जीव तोडून पळायचं, माणसं काढायची, थांबायचं. आपण त्याला बारा तास मोटेला जुंपलं.

पंचशीला : म्हणून तर अर्ध्याच्या वर रेस द्यायची नाही असं ठरवलं. किती व्हॉल्व्ह उरले?

सिद्धराम : दोन. पुढचे यायला पंधरा दिवस, तेबी हैदराबादवाल्याची मेहेरबानी झाली तर.

पंचशीला : मग बसवा की. आठ वाजलेत.

सिद्धराम : न्हाई.

पंचशीला : काय नाही?

सिद्धराम : कशानं जळतेत ते कळल्याबिगर मी बसवणार न्हाई. तीस वर्षं झाली पाना हातात धरून, त्यातली अकरा नांदेडात याच जातीच्या इंजिनांवर. ह्ये दोन बी जळाले, तर उदगीरला जाऊन खिळे-मोळे विकत बसतो. पण जळायचे न्हाईत. कारण हितंच कुठंतरी हाय, अन् मी ते काढणार.

पंचशीला : मग काढू. एकेक करून. टॅपेटची फट?

सिद्धराम : बरोबर ठेवलीय, उलट केसभर जास्तच. फट कमी असली की व्हॉल्व्ह सीटवर पुरा बसत न्हाई. अन् व्हॉल्व्ह गार होतो कधी? बसल्यावर. सीटला टेकला की अंगातली आग तिला देऊन टाकतो. टेकूच दिलं न्हाई तर जळणारच बिचारा.

पंचशीला : पेट्रोल?

सिद्धराम : मी स्वतः गाळून भरतो. स्पार्कचं टायमिंग बी तपासलं, दोनदा.

पंचशीला : बंद करताना? तापलेलं इंजिन झटक्यात थांबवलं की धुराच्या पाइपातून गार पाणी उलटं आत ओढलं जातं, तुम्हीच म्हणाला होतात.

सिद्धराम : अन् लाल व्हॉल्व्हवर गार पाणी पडलं की तडा. म्हणून तर पाच मिनिटं हळू चालवून मग बंद करायला सांगितलंय. मारोतराव! या हिकडं. तुम्हीच चालवता, तुम्हीच सांगा.

मारोती : करतो की अप्पा. पाच मिंटं हळू, मंग बंद. घड्याळ न्हाई, तर तीनशे मोजतो.

पंचशीला : मारोतीमामा, रागवायला नाही बोलावलं. सकाळी आल्यापासून काय काय करता, ते सांगू नका. हातानं करून दाखवा. इंजिन उघडं आहे, तरी चालू आहे असं समजा.

मारोती : आता? अशी नाटकावानी?

सिद्धराम : हां, करा करा. आम्ही बिनतिकिटाचे बसलो.

मारोती : बरं. आधी तेल बघतो. ह्यी काडी. मंग गार पाण्याचा पाइप खड्ड्यात हाय का बघतो. बटन. सुरू झालं. धा मिंटं हळू. मंग दांडा हितवर, अर्ध्यावर. मंग ह्यो कॉक. मंग पंपाकडं जातो, गळती…

पंचशीला : थांबा. कुठला कॉक?

मारोती : ह्यो मागचा. इंजिनातनं फिरून पाणी भाईर पडतंय त्येचा.

सिद्धराम : त्याला काय करता?

मारोती : बंद करतो. पुरा न्हाई बरं का, अप्पा. करंगळीएवढी धार ऱ्हाऊ देतो.

सिद्धराम : अय्यो!

पंचशीला : कधीपासून?

मारोती : दुसऱ्या दिवसापासनं. का वो? काय चुकलं का माझं?

सिद्धराम : मी आलो तवा तर कॉक उघडा असायचा!

मारोती : तुमी येता तवा इंजिन बंदच असतंय, बिघडून न्हाईतर पेट्रोल भराया. बंद करताना उघडून ठेवतो मी, जसा हुता तसा.

पंचशीला : पण बंद कशाला करायचा, मामा?

मारोती : मॅडम, मनगटाएवढी धार पडत हुती. पांढरी सपेद. बोट पाण्यात असती तर पाणी परत पाण्यात गेलं असतं. ही बसलीय गाळात. पाणी पडतंय ते भेगात जातंय, दिसत बी न्हाई कुठं गेलं ते. आमच्या घरी बायकू धुरपता पाटंपासनं रांगेत उभी ऱ्हाती, दोन घागरी मिळत्यात, त्यात सहा माणसं. अन् मी हितं सरकारी पगार घेऊन दिवसभर पाणी मातीत सोडू? हात आपसूक गेला कॉककडं.

सिद्धराम : काटा बघितला न्हाई का? तापल्याचा काटा?

मारोती : रोज बघतो. काटा हिरव्यातच हाय.

पंचशीला : हिरव्यातच राहणार, अप्पा. काटा पुढच्या टोकाला बसवलाय. गार पाणी पुढून शिरतं. तिथं कायम गारच.

सिद्धराम : अन् मागं पोचेस्तवर उकळी फुटलेली. पाच अन् सहाच्या सीटा तापल्या. व्हॉल्व्ह टेकतो गार व्हायला, तर सीटच निखारा. अरे देवा! मी टॅपेट उघडले, टायमिंग उघडलं, हैदराबादवाल्याला शिव्या घातल्या, अन् हातभरावरचा कॉक मला दिसला न्हाई.

मारोती : मला काढत्याल का वो, मॅडम?

पंचशीला : कोण काढतंय? चार पानं सूचना लिहून दिल्या मी तुम्हाला. तेलाच्या, पेट्रोलच्या, मोजायच्यासुद्धा. कॉकला हात लावू नका, हे एक वाक्य लिहिलं नाही. मी कागदावर बोट पाण्यातच धरली होती.

सिद्धराम : मारोतराव, पाणी वाचवलंत ते वाईट न्हाई केलं. फक्त इंजिनाचं पाणी तोडलंत. बसा हितं, सीटा घासायला हात लावा. पाचच्या आत इंजिन बोललं पाहिजे.

(पावणेपाच. इंजिन अर्ध्या रेसवर चालू आहे आणि ट्रक बांधावर येऊन उभा आहे. तिघांनाही आता ओरडूनच बोलावं लागतंय.)

सिद्धराम : तासभर झाला, मॅडम! मागच्या पाइपाला हात लावा!

पंचशीला : कोमट आहे! धरून ठेवता येतोय!

मारोती : परवा हितं भाकर भाजली असती, मॅडम! मला वाटायचं इंजिन म्हणल्यावर तापणारच!

सिद्धराम : आता साहेबांना सांगा, उन्हाळाभर चालंल. मी लिहून देतो, सही करून!

पंचशीला : सही माझी जाईल, अप्पा. लिहिलंय मी. बिघाडाचं कारण, लेखी सूचना अपुरी. सूचना देणार, पंचशीला कांबळे. उपाय केला. बोट पाठवत नाही.

सिद्धराम : स्वतःवरच घेतलंत? साहेबांना आयतं सापडलं की.

पंचशीला : सापडू दे. रात्री टाकी भरली की काय बोलायचं ते बोलतील. ट्रक रिकामा जाऊ द्या. ड्रायव्हरला चहा द्या आधी, लांबून आलाय.

सिद्धराम : अन् ह्या धारेचं काय? मारोतरावाचं बी खरंच हाय की. एवढं पाणी गाळात.

पंचशीला : उद्या स्टोअरमधून रबरी पाइप आणते. धार परत खड्ड्यात सोडायची, थेंब वाया जाणार नाही. आजच्या दिवस मात्र असंच. चर खणला तरी भेगाच पिऊन टाकतील. मारोतीमामा! ऐकलंत का? आज काहीही झालं तरी कॉक पुरा उघडा पाहिजे!

मारोती : पुराच हाय, मॅडम!

पंचशीला : मग तिकडं तोंड करून का उभे आहात? धारेवर लक्ष ठेवा!

मारोती : कान हायत की धारेवर! कमी झाली तर कळंल मला. बघायला तेवढं सांगू नका.