एकवीस भाकरी

— न्हाय म्हणजे न्हाय, सरोजिनीबाई. आमची शिवकांता आता तुमच्या चावडीतल्या वर्गाला येणार न्हाय. पाणी प्या अन् दुसऱ्या घरी जावा. आपल्या ईट गावात सुना काय कमी हायत? काय म्हणता, लई हुशार हाय? व्हय, तेच तर दुखणं! निजाम गेला, नवं राज्य आलं, ते काय सुनांनी सासरच्या ताटात हिशेब मांडावा म्हणून?

काल काय केलं तिनं, ऐका. माणसं जेवायला बसली — मालक, धाकटे दीर गोरोबा, माझे तीन लेक. पाचजण. रोज एकवीस भाकरी होतात. एकेकाला चार वाढायच्या, एक उरते ती आमी दोघी मोडून खातो. झालं! त्याला शाळा लागते का? — अन् ही बया वाढता वाढता पुटपुटती, सात त्रिक एकवीस. म्हणलं, हे काय गं? तर म्हणती, बाईंनी सांगितलंय, पाढा आला की भागाकार आलाच. सात त्रिक एकवीस, म्हणून एकविसाचे वाटे केले सात, तर एकेकाला तीन. अन् तीन-तीन वाढून दुरडी झाकली की! मालकांनी चौथीसाठी हात पुढं केला, तो तसाच राहिला. एवढ्या संसारात असला हात मी बघितला न्हाय.

अन् दुरडीत किती? सहा! सहा भाकरी एकटीला राखल्या! आमी सुना होतो तवा करपलेला पापुद्रा खाऊन निजलो, कुणाला बोललो न्हाय — पण ते जाऊ द्या. हिचं पोट हाय का कणगी? मी दुरडी ओढली, सगळ्यांना चौथी वाढली, राहिली ती एक हिच्या पुढ्यात आपटली. गिळ म्हणलं. — मी? माझं काय घेऊन बसलात, मी तशीच निजले. पुरुषांच्या तोंडचं काढून आपल्याला सहा, हेच शिकवता व्हय तुमी?

हसू नका बाई. — काय? सातानं भागलं तर वाटेबी सात? असतील. मग? पाच ते जेवणारे. हिला धरा, सहा झाले. सातवं कोण हाय घरात? दारातलं कुत्रं?

...

मला?

मला धरायला कुणी सांगितलं होतं तिला? — उठा बाई. जावा तुमी.