शास्त्रीबुवांची व्युत्पत्ती आणि तिसरी पायरी

शब्द हेच ब्रह्म! शब्दातून सृष्टी झाली, शब्दावर ती तरली, आणि शब्द ज्याला कळला त्याला— काय? मागं ऐकू येत नाही? मंडळी, ब्रह्म चौथ्या रांगेपर्यंतच पोचलं. गुरवकाका, तो कर्णा खांबाकडून माणसांकडे वळवा. खांबाला पुष्कळ ऐकवून झालं.

हं, ऐका आता. प्रश्न साधा आहे. ज्याला शब्दाचा अर्थ ठाऊक, त्याच्यासमोर ती वस्तू येऊन बसली तर त्याला ती ओळखू येते का? माना डोलवू नका, आधी ऐका!

वाघजळ नावाचं गाव. तिथं नीलकंठशास्त्री. मोठे विद्वान! मूळ गाव आणि आईबाप विचारल्याशिवाय शब्दाला घरात घेत नसत. महादेवाच्या जुन्या दगडी देवळाचे पंचही तेच. महाशिवरात्रीला त्यांचं व्याख्यान ठरलेलं, विषय 'शिल्प'.

आठवडाभर आधी बुवा ओटीवर टिपणं काढताहेत, आणि अंगणात ठक्‌ ठक्‌ ठक्‌! हणमव्वा वडारीण पाट्याला टाकी लावत होती. टाकी म्हणजे दगडाची छिन्नी— हे मिक्सरवाल्यांसाठी सांगतो. पाटा झिजून गुळगुळीत झाला की चटणी वाटली जात नाही, मग त्याला बारीक खाचा पाडून घ्यायच्या. बुवांच्या पत्नी द्वारकाबाई शेजारी बसून तिच्याशी हळूहळू काही बोलत होत्या.

काम आटोपलं तशी हणमव्वा ओटीशी आली. म्हणाली, देवळाची तिसरी पायरी पार आरशागत झालीय, ओल्या पायाचं माणूस पडंल. हुकूम द्या, तेवढ्या पायरीला टाकी मारते. देवाचं काम, मला काही नको.

बुवा हसले. विद्वानाचं हसू कुठून येतं, ठाऊक आहे? नाकातून!

"बाई, त्या पायऱ्या म्हणजे शिल्प आहे. शिल्पाला शिल्पकारानं हात लावायचा. पाटे ठोकणं वेगळं."

"शिल्प म्हंजी काय असतंय, बुवा?"

झालं! व्याख्यानाला आयता श्रोता मिळाला. बुवांनी सांगितलं, आपल्याकडे शिल्प म्हणजे कुठलंही कसबाचं काम. फार जुन्या ग्रंथांत गाणं-नाचणंसुद्धा त्यातच धरलंय. शब्दाचा मूळ धातू कुठला, यावर पंडित अजून भांडताहेत. साहेबाचं स्कल्प्चर मात्र सरळ लॅटिनातून आलं. त्याचं मूळ कोरणे, हत्यारानं कापून काढणे.

हणमव्वानं हातातल्या टाकीकडे पाहिलं.

"मग मी काय करती?"

"तू पोट भरतेस," बुवा म्हणाले, आणि टिपणाकडे वळले.

द्वारकाबाईंनी मान खाली घातली. बघा मंडळी, लाज कुणाला वाटायची आणि वाटली कुणाला!

महाशिवरात्र आली. व्याख्यान असं रंगलं की बेलाची पानं वाहायची सोडून लोक टाळ्या वाजवू लागले. बुवा 'लोखंड दगडाला भिडतं' या वाक्यावर होते, आणि पायऱ्यांवरून तांब्या गडगडत खाली गेला. तांब्यामागून द्वारकाबाई. तिसरी पायरी! खुब्याचं हाड मोडलं. पुढं त्या काठीशिवाय कधी चालल्या नाहीत.

इस्पितळात बुवा खाटेपाशी बसले. धीराचे शब्द शोधताहेत, एक सापडेना. द्वारकाबाईंनी डोळे उघडले.

"पायरीचं तुम्हाला विचार, असं तिला मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "माझं तुम्ही ऐकलं नसतं म्हणून."

मंडळी, चाळीस वर्षांचा संसार! बुवांना जगातल्या शब्दांची मुळं ठाऊक, आणि घरातलं माणूस आपल्याशी बोलायला दुसरं तोंड शोधतं, हे ठाऊक नाही!

बुवा गावाबाहेर वडारांच्या पालांशी गेले. हणमव्वा भाकरी थापत होती. ती टोचून बोलली असती तर बरं झालं असतं, तेवढाच भार उतरला असता. पण तिनं विचारलं, "आक्का कशी हाय?" बुवांना वर बघवेना.

"तिसरी पायरी..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

सकाळी ती पायरीवर येऊन बसली. टाकीखाली खाच पडायची, तिच्याशेजारी तशीच दुसरी, मधे बोटभर जागा सुटायची नाही. उडणाऱ्या धुळीवर बुवा तांब्यानं पाणी शिंपत उभे. येणारे-जाणारे बघत होते. बुवांनी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच!

काम संपल्यावर ती म्हणाली, "ठिवा पाय. वल्ला ठिवा."

बुवांनी ओला पाय ठेवला. दगडानं तो धरून ठेवला. कोरणे म्हणजे काय, ते शास्त्रीबुवांना तळपायातून कळलं, आणि मान जी खाली गेली ती तिथंच राहिली.

आता बुवांना हसू नका. सेवा, दया, माणुसकी यांचे अर्थ मला विचारा, तासभर सांगेन. पण माणुसकी घामट लुगड्यात दारी आली, तर मीसुद्धा पुढचं घर दाखवतो. तुम्ही? नको, उत्तर नको. इकडंतिकडं बघताय, त्यातच आलं!

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!

आणि एक विनंती. ज्यांनी चपला देवळाच्या पायऱ्यांवर काढल्यात, त्यांनी आधी उठून त्या उचलाव्यात. आजीबाईंना उतरायचंय.