वरचे तीन, खालचा एक

मंडळी, वहिनी, शाळेतले सगळे मास्तर लोक, आणि मागे उभे आहेत ते फुलचूरचे माझे गिऱ्हाईक.

मला बोलता येत नाही, शिवता येतं. म्हणून आधी मी काय काय शिवलं ते सांगतो.

रहांगडाले गुरुजींचे सगळे शर्ट मी शिवले. त्यांचा तो आठ खिशांचा खाकी कोट मी शिवला. बेडूक ठेवायच्या ओल्या मांजरपाटाच्या पिशव्या मी शिवल्या. डबक्यातली जाळी, तिची तारेची कडी, मूठ, सगळं माझं. बेडूक मोजायची सागवानी पट्टी, एका टोकाला आडवी फळी ठोकलेली, तीही मीच रंधून केली. आणि या टेबलावर समोर बसलेत ते चार कापडी बेडूक: खालचा इथल्या बिरसीचा, मग पचमढीचा, मग हिमालयातला, आणि सगळ्यात वरचा परदेशातला. त्यांचा टाका न् टाका माझा आहे. मी सातवी नापास आहे. हे सगळं मला कोणी शिकवलेलं नाही.

तो कोट हिमालयात जाऊन आला, मंडळी. ती पट्टी जाऊन आली. पिशव्या जाऊन आल्या. मी गेलो नाही.

गुरुजी दर उन्हाळ्यात शाळा सुटली की बेडूक मोजायला निघायचे. आधी पचमढीकडे, मग वर कुमाऊंच्या डोंगरात. सोबत नागपूरचा एक कॅमेरेवाला मित्र. पावसाच्या तोंडावर परत आले की माझ्या दुकानात बसायचे, आणि दुकानातली गिऱ्हाइकं आपलं माप विसरून त्यांच्या गोष्टी ऐकत बसायची. माझ्या दुकानात! मी पायाने मशीन हाणत राहायचो, मुद्दाम जोरात.

एकदा मी विचारलंच. म्हटलं, "काऊन जी गुरुजी, त्या कॅमेरेवाल्याले नेता, मले काऊन नाई नेत?"

ते म्हणाले, "अबे, तू वर आला त बिरसीचं माप कोन घेईन?"

मला ते टाळणं वाटलं. खरं सांगतो, आजही वाटतं.

जवळच्या बिरसी गावच्या बेडकांचं माप मी घेत होतो. पाणी पडायला लागलं की धानाच्या बांध्यांत ते खरबरीत पाठीचे बेडूक निघतात, तुमच्याआमच्या पायरीशी येऊन बसतात ते. हात ओला करायचा, कोरड्या हाताने त्यांची कातडी दुखावते. पट्टीवर ठेवायचा, नाक फळीला लावायचं, अंगाची लांबी घ्यायची, मागचा पाय सरळ करून पायाची घ्यायची, आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा. डोक्यावरून बिरसीच्या विमानतळावरची विमान शिकणारी पोरं घिरट्या घालायची. ती वर, गुरुजी वर, कॅमेरेवाला वर. मी चिखलात वाकून बेडकाची तंगडी मोजून राहिलो. बांधावरून जाणारे विचारायचे, "काय जी टेलर, मेंढकाले पँट शिवून राहिले का?" मी म्हणायचो, "हो, तुह्यापेक्षा बराबर उभा राह्यते मापाले."

माझ्या दुकानाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. ज्याचं माप मी स्वतः घेतलं नाही, त्याचं कापड मी कापत नाही. नवरदेवाचा बाप माप लिहून घेऊन आला तरी मी परत पाठवतो, पोराला आणा म्हणतो. हा नियम मी फक्त एका माणसासाठी मोडला. वरच्या बेडकांचं माप गुरुजींनी सांगितलं आणि मी कापलं. किती जड गेलं ते माझं मला माहीत.

आणि पहिलाच बेडूक चुकला. उंचीप्रमाणे बेडकाचं अंग कसं बदलतं ते पोरांना हातात धरून कळावं म्हणून हे कापडी बेडूक करायचे ठरलं होतं. मी हिमालयातल्याला लांब, दणकट पाय शिवले. म्हटलं, एवढा डोंगर चढायचा म्हणजे तंगड्या पाहिजेत. समोर माप होतं, पण मला वाटलं यांनीच चुकीचं घेतलं असेल. गुरुजींनी तो हातात घेतला आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"टेलर, तो डोंगर चढत नाई बे. तो तिथंच जन्मते."

मग चहा मागवला आणि मला नीट सांगितलं. वर थंडी. वाढ हळू, वयात यायला उशीर, म्हणून पुष्कळदा अंगाने थोराड. अंगाच्या मानाने पाय आखूड. बाहेर पसरलेला भाग कमी, तर उन्हात मिळालेली ऊब लवकर जात नाही. पाठ काळपट, ऊन ओढून घेणारी. आणि हवा विरळ, म्हणून रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या पेशी जास्त. "पन सगळ्या जातींत असंच होते असं नाई," हे ते प्रत्येक वेळी सांगायचे. एकदाही सांगायचं सोडलं नाही. एवढ्या एका गोष्टीत हा माणूस माझ्या तोडीचा होता.

मी रात्रीतून नाही, चार दिवस घेऊन पाय उसवले. आखूड केले. पाठीला काळपट सुटिंगचा तुकडा लावला. रक्ताचं काय करू, रक्त तर बाहेरून दिसत नाही. मग आतून लाल साटिनचं अस्तर लावलं आणि शिवण बंद केली.

गुरुजी म्हणाले, "आतलं कोन पाह्यते बे?"

मी म्हटलं, "मी पाह्यतो न."

चौथा, तो सगळ्यात शेवटचा, त्यांनी पुस्तकातल्या चित्रावरून करायला लावला. परदेशात फार उंचावर एक थंड तळं आहे, त्याच्या पाण्यातच तो राहतो. फुप्फुसं लहान, नावापुरती. श्वास कातडीने घेतो. म्हणून कातडी मोठी, घड्या पडलेली, मांड्यांवर लोंबणारी. आयुष्यात मी कधी ढगळ शिवलेलं नाही, पण त्याला मुद्दाम ढगळ शिवला. गुरुजी म्हणाले, "पाह्य, देवबी तुह्या गिऱ्हाइकासारखाच, वाढतं माप सांगते."

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हार कोणाला? गुरुजींना. पोरं कोणाच्या भोवती? गुरुजींच्या. आणि मी बाजूला उभा असलो की ते माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "हे आमचे टेलर." नाव नाही. टेलर. माणूस सगळ्या बेडकांची नावं सांगायचा, माझं तेवढं राहून जायचं.

मागच्या आठवड्यात ते गेले. जिथे हवा विरळ तिथे वर्षानुवर्षं श्वास पुरला त्यांना, आणि इथे, घरच्या अंगणात, खाटेवर बसल्या जागी पुरला नाही. आज एवढी माणसं जमली आहेत. माझ्या वेळी एवढी येतील का, हे मघापासून मोजतोय. येणार नाहीत. मला हेही खुपतं आहे. वहिनी, रागावू नका. तुम्ही आमचं भांडण दारात उभं राहून ऐकलं आहे, तुम्हाला हे नवं नाही.

आता दोन मिनिटं आपण गुरुजींसाठी उभे राहू. त्याआधी एकच सांगतो.

परवा शहरातले एक गृहस्थ दुकानात आले होते. कदाचित इथे बसलेही असतील. त्यांना बेडूक पाहिजेत, काचेच्या कपाटात ठेवायला, खाली गुरुजींच्या नावाची पाटी. पण चारही नाहीत. म्हणाले, "ऊपरवाले तीन दे दीजिए. बिरसीवाला तो कहीं भी मिल जाता है, वो आप रखिए."

मी घरी येऊन बिरसीचा एकटा उचलून पाहिला. माझ्या मापाचा, माझ्या हातचा, कुठे सुरकुती नाही. पण मंडळी, एकटा ठेवला तर तो मोठा की लहान? पाय लांब की आखूड? बाजूला वरचा नसेल तर कशावरून सांगायचं? इतकी वर्षं मी गुरुजींकडे पाहून स्वतःला मोजत आलो. ते उंच होते म्हणून मला माझी उंची सलत होती. आता कोणाशी ताडून पाहू?

चौघं एकत्र राहतील, याच शाळेत, याच टेबलावर, खालच्यापासून वरच्यापर्यंत. पोरांनी हातात घ्यायचे. उसवले तर माझ्याकडे आणायचे.

त्या गृहस्थांनी वरच्या तिघांचे एकवीस हजार रुपये देऊ केले होते. मी नाही म्हणालो. उठा मंडळी, उभे राहा.