माणसाचा की नदीचा

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आपल्या मंडळाचे मार्गदर्शक दंतवैद्य सर, आणि माझ्या दगडवेड्या मित्रमैत्रिणींनो,

मायेपोटी कोणी आपल्याला फसवलं, तर त्याच्यावर रागवावं की नाही? हेच विचारायला आज उभी आहे.

आपल्या मंडळाची रीत सर्वांना ठाऊक आहे. नदीकाठी सापडलेला दगड हातोहात फिरतो आणि प्रत्येकाने एकच शब्द बोलायचा: 'माणसाचा' किंवा 'नदीचा', म्हणजे माणसाने घडवलेला की पाण्याने घासलेला. माझे दगड कायम नदीचेच निघाले. घरी आत्या म्हणायची, "घरातली पहिली पदवीधर, आणि गोळा काय करते, तर धोंडे!"

मग महिन्यापूर्वी एका रविवारी माझे बाबा डबा घेऊन सोबत आले. पुढे चालता चालता म्हणाले, "इथे बघ गं जरा." आणि मला ती अश्मयुगातली हातकुऱ्हाड सापडली! तुम्ही सगळे म्हणालात, 'माणसाचा'. सर तर म्हणाले, "हा तपकिरी रंग चढायला हजारो वर्षं लागतात." तीच आज त्यांना भेट द्यायची ठरली.

आज सकाळी बाबांनी हे ऐकलं आणि त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. "हजारो वर्षं कसली, पोरी? मीच केलीय ती, दगड फोडून. चहाच्या चोथ्यात पुरून ठेवली होती. दर रविवारी तुझं पडलेलं तोंड बघवेना." बाबा फरशा बसवतात, हातोडी रोजचीच.

मला बाबांची लाज वाटत नाही, माझी वाटते. कोणता टवका कुठल्या बाजूने उडाला, हे मी तुम्हाला भिंग लावून समजावत होते. आणि बाबांच्या अंगठ्याला चिंधी का बांधली आहे, हे घरात विचारलंसुद्धा नव्हतं.

मघाशी आतल्या खोलीत सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माणसाचीच निघाली ना? मग निम्मं तरी बरोबर आलं." पण माझ्याकडे पाहिलं नाही. सर, मान मी खाली घालायची, तुम्ही नाही. सगळ्यांना सांगू का, असं बाबांनाही विचारलं. ते म्हणाले, "सांगून टाक. मी दाराजवळ बसतो, पळायला बरं."

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी बोलू नये ते बोलले असेन, तर लेक समजून पोटात घाला. भेटीच्या पेटीतली कुऱ्हाड तीच आहे. तिच्याखालची माहितीची पट्टी मात्र मी सभेआधीच बदलली आहे: 'घडवणारे: माझे बाबा. वय: एक महिना.'