मोत्यासाठी पावशेर

तुम्ही हसाल, पण मोत्यापायी माझं ठरलेलं लग्न मोडायची पाळी आली होती. वडवणीत केबल नुकती आली होती, तेव्हाची गोष्ट. आमचं हे कुत्रं दूधभाकरी खाऊन पार हडकलं होतं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "कच्चं मटण घाला, हाडासकट. शिजवू नका, शिजलेलं हाड घशात टोचतं."

आमच्या घरात अंडंही चालत नाही, आणि होणारे सासरे तर आमच्यापेक्षा कडक. कुणी बघितलं तर संपलंच. कपाळावरचं भस्म पुसून मी मौलाचाचांच्या मटणाच्या दुकानात शिरलो.

"चाचा, पावशेर द्या. कुत्र्यासाठी हाय," मी हळूच म्हणालो.

"तुमच्या गल्लीतले समदे असंच म्हणत्यात," चाचा हसले. "लाजू नको. रश्शाला मऊ बघून देतो."

"रस्सा न्हाई, चाचा. कच्चंच घालायचंय. हाडं जास्ती टाका."

चाचांचा सुरा थांबला. "म्हंजे खरंच कुत्रं हाय?"

तेवढ्यात दारात ओळखीचा आवाज आला. दिंद्रुडचे वैजनाथशेठ, माझे होणारे सासरे! मी टांगलेल्या बोकडामागं सरकलो.

"चाचा, नेहमीचं द्या, कुत्र्यासाठी. हाडं नकोत, त्याला दात न्हाईत."

मग त्यांना मी दिसलो. ते खाकरले, "जावईबापू, तुमच्याकडं बी कुत्रं हाय व्हय?"

मी काही बोलायच्या आत चाचाच म्हणाले, "ह्याच्याकडं खरंच हाय, शेठ."