मधल्या कमानीचं ठिगळ

नाही ताई, काठ्यांचे तंबू आहेत ना, आतल्या फळीवर आहेत, तुम्हा तिघांना पुरेल असा एक आहे, काढतो मी — फक्त एकदा विचारतो, हवेचा का नको? म्हणजे तुम्ही आत्ता म्हणालात, "आमच्या ह्यांच्या हाताला ते जमत नाही," म्हणून विचारलं. हवेचा तंबू वाईट नसतो हो. उगाच बदनाम आहे. लोकांना वाटतं, हवेवर उभं राहिलेलं किती टिकणार? पण काठी मोडली की संपलं, माळावर दुसरी कुठून आणणार? हवेची कमान वाऱ्यात वाकते, वारा गेला की परत उभी राहते. सहा वर्षं तेच बघतोय मी. भाड्यानं गेलेला तंबू परत आला की मागच्या शेडमध्ये मीच फुगवतो, साबणाचं पाणी लावतो, बुडबुडा आला की तिथे भोक, तिथे ठिगळ. मग पिशवीला चिठ्ठी बांधायची — ठिगळ कधी लावलं, तंबू कधी दिला, खाली सही. सही माझीच. दुसरं आहे कोण इथे? मालक पाच वाजता येतात, ते फक्त खुर्चीवर बसतात.

तुम्ही मला ओळखलं नसणार. मागच्या महिन्यात साहेब तंबू परत द्यायला आले, तेव्हा तुम्ही गाडीतच होतात. मुलगी होती त्यांच्याबरोबर. दोन वेण्या, हातात ती पंपाची नळी — आपलंच काहीतरी मोडलंय अशी धरलेली. साहेब म्हणाले, संध्याकाळी सगळे जेवायला बसलो आणि मधली कमान हळूहळू वाकली, छप्पर ताटांवर आलं. आता मी काय विचारावं? मी विचारलं, "ऊन उतरल्यावर परत हवा भरली होती का?" हे आमचं ठरलेलं वाक्य आहे ताई. पहिल्याच आठवड्यात शिकवतात. खोटं नाही ते! गारवा पडला की आतली हवा आकसते, तंबू मऊ पडतो, पंपाचे चार दाबे मारावेच लागतात. पण कुणालाही विचारून बघा, माणूस चाचरतो. आपणच काहीतरी विसरलो असणार, असं ज्याला त्याला वाटतं. साहेब म्हणाले, "भरली होती... म्हणजे, भरली असावी." मुलगी म्हणाली, "भरली होती बाबा, मी मोजले, सोळा दाबे." मोजले होते हो तिनं. आणि मी — मी म्हटलं, "पंपावरचा हवेचा काटा बघितला होता का?"

काटा नव्हता बघितला त्यांनी. मग म्हणाले, "माझंच चुकलं असेल. सॉरी हं." मला! आणि मी काय म्हणावं? म्हटलं, "असू दे, होतं असं." मोठ्या मनानं म्हटलं. आणि ती मुलगी वर बघत होती बापाच्या तोंडाकडे, आणि मग तिनं नळी काउंटरवर ठेवली आणि बापाच्या मागे जाऊन उभी राहिली. सोळा म्हणणारी पोरगी.

आता तुम्ही हसत हसत सांगितलंत. तुमचे भाऊ त्यांना "पंपवाले" म्हणतात. "पंपवाले, चहा ओता, सांडू नका." चालायचंच, मेहुण्याची थट्टा कुठे होत नाही. पण पुढचं सांगितलंत ना — की साहेब हल्ली गॅसचं बटण तीन-तीनदा बघतात, कुलूप ओढून बघतात, आणि त्यांनी बघितलं की मुलगी मागून जाऊन परत बघते. ते ऐकलं आणि... तुम्ही थांबा जरा. काठ्यांचा काढतो, पळून जात नाही तो.

हे बघा. ह्या खणात आहे. हे ठिगळ. तुमच्याच तंबूचं, मधल्या कमानीचं. साहेब गेल्यावर मी चेन उघडून आतली नळी बाहेर काढली, तर हे अर्धं सुटलेलं. ही कड बघा — हा ठसा दिसतो? अंगठ्याचा आहे. माझा. चिकटवायचं सोल्यूशन ओलं होतं तेव्हा दाबलेला. ते वाळलंच नव्हतं ताई. वरून कोरडं, आत चिकट. साहेबांनी सोळा मारले असते काय आणि साठ मारले असते काय, जितकी हवा जास्त तितकं ते सरकणार.

मुद्दाम नाही केलं. शपथ घेऊन सांगतो. सोल्यूशनचा डबा बदलला होता. आधी लाल डबा यायचा, त्याचं दोन तासांत वाळायचं. त्या आठवड्यात हा निळा आला. मी म्हटलं, डबाच तर बदललाय, सोल्यूशन ते सोल्यूशन. साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. म्हणून सही केली. डब्याच्या मागे लिहिलंय सगळं — बारीक अक्षरात.

वाचलं का नाही? तेच तर. मालक डबा देताना म्हणाले होते, "मागचं वाचून घे रे." मी म्हटलं, "हो, वाचलं." वाचलं नव्हतं. मी सहावीतून बाहेर पडलो, ताई. येतं वाचता, अगदीच येत नाही असं नाही, पण ठळक असलं तर, आणि कुणी बघत नसलं तर. कुणी समोर उभं राहिलं की अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागतात. मालकांना म्हणायचं होतं, जरा तुम्हीच सांगा काय लिहिलंय — तेवढी जीभ उचलली नाही. साहेब येऊन गेले, त्यानंतर रोज दुपारी शेडमध्ये बसून वाचलं. सहा ओळी. तीन दिवस लागले. किती तास वाळू द्यायचं, ते तिसऱ्या ओळीत आहे.

तेव्हाच यायला हवं होतं तुमच्याकडे. पत्ता होता की वहीत. एकदा तुमच्या कोपऱ्यापर्यंत आलोही होतो. साहेब गाडी धूत होते, मुलगी पाणी ओतत होती, म्हटलं, चाललंय बरं, कशाला उकरायचं? असं म्हणून परत आलो. आपल्याला पटवायला माणूस हुशार असतो बघा, शाळा नसली तरी.

मालकांना? नाही सांगितलं. आज पाच वाजता सांगेन. काढून टाकलं तर टाकलं. नाही, तुम्ही "जाऊ दे" म्हणू नका, प्लीज. मीही "असू दे"च म्हणालो होतो.

गाडी लावून आले वाटतं दोघं. मिळाली का गाडीला जागा? — या साहेब. नाही, ताईंनी अजून काही घेतलं नाही. तो आमचा पंप कशाला उचललात, ठेवा खाली, तुम्हाला काही करून दाखवायचं नाहीये. बसा तुम्ही. स्टूल घ्या. बाळ, तू इकडे ये. कितवीत आहेस? चौथीत? मग तुला येईल. हा डबा धर. मागे बारीक अक्षर आहे, त्यातली तिसरी ओळ. मीच वाचलं असतं, पण मी अडखळतो, आणि अडखळलो की पुढचं तसंच राहून जाईल — माझं मला माहीत आहे. आणि ही चिठ्ठी. तुमच्या तंबूची आहे. ठिगळ लावल्याची वेळ, तंबू दिल्याची वेळ. दोन्ही वाच. खालची सहीसुद्धा.

मनात नको. मोठ्यानं. बाबांना ऐकू गेलं पाहिजे.

वाच. मी आता बोलत नाही.